भिलाई, हब आणि पुढचं वाळवंट

गोंदिया सुटलं की आमगाव, सालेकसा करत गाडी दरेकशाच्या जंगलात शिरते आणि महाराष्ट्र संपतो. बोरतलाव, मग डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी, राजनांदगाव, शिवनाथेवरचा पूल, दुर्ग. पुढे भिलाईच्या नावाची तीन स्थानकं ओळीने येतात आणि मी मधल्या पॉवर हाउसला उतरतो. ताईचं सासर भिलाईचं. भाऊजी स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. या हिवाळ्यात मी राहायला गेलो तेव्हा घरात भाच्याचा एक वेगळाच प्रवास चालू होता. संध्याकाळ झाली की तो लॅपटॉप उघडायचा आणि ‘केन्शी’ नावाच्या खेळातल्या वाळवंटात निघून जायचा. मीही त्याच्यासोबत निघालो. त्यामुळे हे प्रवासवर्णन दोन मुलखांचं आहे.

केन्शीबद्दल आधी थोडं सांगतो. ख्रिस हंट नावाच्या इंग्रज तरुणाने हा खेळ एकट्याने बनवायला घेतला. पोटासाठी तो सुरक्षारक्षकाची नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात खेळ लिहायचा. अर्धवट अवस्थेत हा खेळ 2013 मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात विक्रीला आला आणि पुरा होऊन डिसेंबर 2018 मध्ये. नकाशा 870 चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यात ठरलेली गोष्ट नाही, गाठायचं टोक नाही, आणि तुमच्या नावाची कुठली भविष्यवाणीही नाही. अंगावर फाटके कपडे, हातात गंजलेला लोखंडी सोटा आणि खिशात थोडे ‘कॅट’, म्हणजे तिथलं नाणं. एवढ्यावर तुम्हाला हब नावाच्या पडक्या गावात सोडून दिलं जातं. भोवती सगळे एकमेकांचे वैरी. तुमच्याशी त्यांचं वैरही नाही आणि मैत्रीही नाही, कारण तुम्ही अस्तित्वात आहात हेच त्यांच्या गावी नसतं.

वायव्येकडच्या सुपीक खोऱ्यांत ‘होली नेशन’ आहे. ओक्रान हा त्यांचा देव आणि फिनिक्स हा त्यांचा बासष्टावा धर्मगुरू. त्यांच्या राज्यात बाईला दुय्यम जागा, परजातीच्या माणसाला शत्रूची जागा, आणि यंत्राचा हात बसवलेला माणूस म्हणजे चालतंबोलतं पाप. ज्यांना ते पापी ठरवतात त्यांना ‘रीबर्थ’ नावाच्या छावणीत साखळदंड घालून फिनिक्सचे अजस्र पुतळे घडवायला लावतात. दक्षिणेला ‘शेक’, अंगावर हाडांचं कवच आणि डोक्यावर शिंगं असलेली लढवय्यांची जात. एसाटा ही त्यांची राणी. पूर्वेच्या वाळवंटात ‘युनायटेड सिटीज’, सम्राट टेंगूचं साम्राज्य. तिथे सरदार, करवसुली आणि गुलामांचा उघड बाजार. या तिघांच्या मधल्या पट्ट्यात धुळीतले दरोडेखोर, भुकेले दरोडेखोर आणि गुलाम पकडणारे. हब नेमकं या पट्ट्यात येतं. कधीकाळी लढाईत उद्ध्वस्त झालेलं, आता कुणाच्याच निशाणाखाली नसलेलं.

पहिल्या संध्याकाळी मी विचारलं, “तलवार कुठे मिळते इथे?”

“मामा, तलवार नंतर. आधी तांब्याचा दगड फोड.”

हबच्या बाहेर लोखंडाचे आणि तांब्याचे खडक आहेत. आपला माणूस तिथे कुदळ घेऊन उभा राहतो, धातूचे तुकडे जमवतो, गावातल्या दारूच्या गुत्त्यात विकतो आणि खायला घेतो. तास न् तास हेच. दुसरा कुठला खेळ असता तर मला कंटाळा आला असता. भिलाईत बसून लोखंडाच्या खडकावर कुदळ मारणारा माणूस पाहताना मात्र मला बाहेरच्या मुलखाची आठवण येत होती. या शहराचं लोखंड दल्ली-राजहराच्या डोंगरातून येतं. तिथल्या खाणींत बाया आणि बापे हातांनी दगड फोडायचे आणि ट्रकमध्ये भरायचे. पुढची सगळी भट्टी त्या हातांवर उभी राहिली.

भुकेल्यांशी गाठ पडली ती सीमेवरच्या पट्ट्यात. आमचा माणूस धातू पाठीवर घेऊन परतत होता. सहा-सात जण आले, हाडं दिसणारे, चिंध्यांतले. त्यांनी खायला मागितलं. आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. मग काठ्या पडल्या. या खेळात शरीराचा प्रत्येक भाग वेगळा जखमी होतो, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात डोकं, छाती, पोट, दोन हात, दोन पाय यांच्या पट्ट्या एकेक करून खाली सरकताना दिसतात. डावा पाय गेला, पोट गेलं, माणूस आडवा. त्यांनी थैली उपसली आणि ते निघाले. भाच्याने माझा हात माउसवरून दूर केला.

“हलू नको. शुद्ध आलीये, पण ते अजून जवळ आहेत. मेल्याचं सोंग घे.”

ते टेकाडाआड गेल्यावर त्याने पट्टी बांधायला लावली. रक्त थांबलं. पाय निकामी होता, म्हणून माणूस कोपरांवर सरपटत हबकडे निघाला. रात्र होती. पडद्यावर जवळपास काळोख, वाऱ्याचा आवाज आणि त्या सरपटण्याचा. गावाच्या फाटकात पोचायला फार वेळ लागला. गुत्त्यात खाट भाड्याने मिळते, तिच्यावर त्याला निजवलं. सकाळी त्याच्या कौशल्यांच्या यादीत चिवटपणाचा आकडा वर गेलेला होता. केन्शीत तो वाढतो तो मार खाऊन, आणि त्यातही मार खाऊन पुन्हा उभं राहण्याने. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आयुष्यात पहिल्या डावात जिंकणारे थोडे असतात, आणि बहुतेक खेळ त्या थोड्यांसाठीच लिहिलेले असतात.

पुढचे दिवस असे गेले. सकाळी सेक्टरांमधून फिरणं, संध्याकाळी वाळवंट. भिलाईचे सेक्टर अजून सावलीचे आहेत. सरळ रस्ते, दुतर्फा मोठी झाडं, एकासारखी एक क्वार्टरं, कुंपणाला पपई आणि शेवगा. भाऊजींच्या जुन्या गल्लीत एका बाजूला मल्याळी कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर पंजाबी आणि टोकाला आंध्रातले. क्वार्टर मिळायचं ते नोकरीच्या दर्जाप्रमाणे. शेजार निवडायची सोय नव्हती. “ए शिफ्टला सकाळी सहाच्या आधी सगळे एकाच रस्त्याला लागायचे,” भाऊजी सांगत होते. “सायकलींची रांग मेन गेटपर्यंत. कोण कुठला, हे गेटवर कोणी विचारत नव्हतं. पास दाखवा आणि आत व्हा.”

हा कारखाना ज्या काळात उभा राहिला तो काळ मी या प्रवासात पुन्हा वाचून काढला. जग तेव्हा दोन छावण्यांत वाटलं गेलं होतं आणि दोन्हीकडे अणुबाँब होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला पोलाद हवं होतं आणि ते कसं करायचं हे छावण्यांमधल्या देशांना ठाऊक होतं. भारताने 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार केला. रुरकेल्याचा कारखाना पश्चिम जर्मनीच्या मदतीने घेतला आणि दुर्गापूरचा ब्रिटनच्या. तिन्ही कामं एकाच वेळी चालू होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 3 फेब्रुवारी 1959 ला रुरकेल्यात जर्मन मदतीची पहिली झोतभट्टी सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी, 4 फेब्रुवारीला, भिलाईत रशियन मदतीची. दुर्गापूरची भट्टी त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेटली. बोकारोसाठी आधी अमेरिकेला विचारलं होतं. तिकडे विरोध झाला, तेव्हा नेहरूंनी 1963 मध्ये विनंती मागे घेतली आणि काम सोव्हिएत संघाकडे गेलं.

अलिप्ततेबद्दल पुष्कळ भाषणं ऐकली आहेत आणि तिची टिंगलही पुष्कळ ऐकली आहे. मला ती भिलाईत हाताला लागेल अशी दिसली. वैऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या दुबळ्याला दोन वाटा सोप्या असतात, एकाच्या पंखाखाली जाणं किंवा बिळात लपणं. तिसरी अवघड असते. सगळ्यांशी व्यवहार ठेवायचा, कुणाचं युद्ध आपलं मानायचं नाही, आणि या अवधीत स्वतःची भट्टी पेटवून घ्यायची. पहिल्या टप्प्यात भिलाईची क्षमता दहा लाख टनांची होती. आज इथल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून 260 मीटरचे करून रेल्वेला जातात. देशातल्या बहुतेक रुळांवर भिलाईचा शिक्का आहे. मी ज्या रुळांवरून आलो तेही बहुधा इथलेच.

खेळातही आम्ही हीच तिसरी वाट धरली. ती भाच्याला आधीपासून माहीत होती, मला भिलाईमुळे पटली. सुरुवात पळण्यापासून होते. दरोडेखोर मागे लागले की जवळच्या शेक गावाकडे, स्क्विनकडे, धावत सुटायचं. फाटकावरचे शिंगवाले पहारेकरी दरोडेखोरांना लोळवतात. आपण कडेला उभं राहायचं आणि लढाई संपल्यावर पट्ट्यांची पेटी काढायची. जखमी पहारेकऱ्याला पट्टी बांधली की शेकांच्या मनातलं आपलं स्थान किंचित वर जातं. दर जखमेमागे थोडं थोडं. होली नेशनचा सैनिक रस्त्यात पडलेला दिसला तर त्यालाही बांधायची. त्याचा धर्म मला पटत नाही, त्याच्या राज्यात माझ्या ताईला धड उभंही राहू दिलं नसतं, तरी रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवायचं. इनाम लागलेला दरोडेखोर बेशुद्ध सापडला तर खांद्यावर टाकून ठाण्यात द्यायचा, म्हणजे पैसेही मिळतात आणि ते गावही आपल्याला ओळखू लागतं. लांबच्या प्रवासात व्यापाऱ्यांच्या तांड्यामागून चालायचं, कारण त्यांच्यासोबत भाडोत्री शिपाई असतात.

हळूहळू चार-पाच जण झाले. एक हाइव्ह जातीची, काठीसारख्या हातापायांची. एक शेक, जिला तिच्याच लोकांनी कमकुवत म्हणून हिणवलं होतं. हाइव्हचा पाय एका चोचवाल्या प्राण्याने तोडला, तेव्हा शेक बाईने तिला खांद्यावर घेऊन अख्खी दरी ओलांडली. ओझं वाहताना शेकची ताकद वाढत होती, तेवढीच तिची चाल मंदावत होती. मागे ते प्राणी होतेच. मी श्वास रोखून बसलो होतो. गावात पोचल्यावर पैसे जमवून यंत्राचा पाय घेतला, आणि त्या पायासोबत होली नेशनचे रस्ते तिच्यासाठी जवळपास बंद झाले. एक जखम भरायची तर नकाशाचा एक तुकडा गमवावा लागतो, असे निर्णय या खेळात सारखे समोर येतात.

भिलाईतही एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल न लिहिता पुढे जाणं मला पटणार नाही. रुळांच्या एका अंगाला सेक्टर आहेत. दुसऱ्या अंगाला सुपेला, कॅम्प, छावणी, जामुल आणि खासगी कारखाने. इकडे कायम नोकरी, क्वार्टर, शाळा, दवाखाना. तिकडे पिढ्यान् पिढ्या ठेक्यावरचे मजूर. शंकर गुहा नियोगी बंगालमधून आले, भिलाईच्या कारखान्यात कामगार झाले, कामावरून काढले गेले आणि पुढे 1977 मध्ये दल्ली-राजहराच्या खाणमजुरांची संघटना त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे गोळीबार होऊन मजूर मारले गेले. त्या मृतांच्या नावाने मजुरांनी स्वतःच्या पैशांतून आणि श्रमांतून दवाखाना बांधला. शहीद हॉस्पिटल 1983 मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. लढणं आणि उभारणं ही दोन्ही कामं एकत्रच चालायला हवीत, हा नियोगींचा आग्रह होता. भिलाईतल्या खासगी उद्योगांमधल्या ठेका मजुरांना ते संघटित करत असताना 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, भिलाईतल्या घरी झोपेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. पुढच्या वर्षी, 1 जुलै 1992 रोजी, आपल्या मागण्यांसाठी रुळांवर बसलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सोळा कामगार गेले. ते ठिकाण म्हणजे पॉवर हाउस स्टेशन, जिथे मी दर वेळी उतरतो.

त्या फलाटावर मी या खेपेला मुद्दाम गेलो. गाड्यांची घोषणा चालू होती, शिफ्ट सुटलेले लोक जिना चढत होते. एका पोराच्या डब्यात बोरे बासी होती, रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. छत्तीसगडचा कष्टकरी पिढ्यान् पिढ्या हे खाऊन उन्हात उभा राहत आला. केन्शीत ज्याच्याकडे अन्न नाही तो आधी अशक्त होतो, मग चोर होतो, मग त्या चिंध्यांतल्या टोळीत सामील होतो. भुकेला दरोडेखोर हा तिथला वेगळा वंश नाही, कालचा शेतकरी किंवा पळालेला गुलाम आहे. हे कळल्यापासून भाच्याने आणि मी एक नियम केला. सीमेच्या पट्ट्यातून जाताना पाठीवर वाळवलेल्या मांसाच्या चार जुड्या जास्त ठेवायच्या. त्यांनी मागितलं की द्यायचं. खेळ तशी मुभा देतो. ते खाणं घेतात आणि वाटेला लागतात.

या मातीला वैऱ्यांच्या राज्यात तग धरणाऱ्यांची गोष्ट नवी नाही. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाईंनी तंबोरा हातात घेऊन उभ्याने पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा, गायली आणि भिलाई स्टील प्लांटने त्यांना नोकरी दिली. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाला. महाभारतातला माझा सगळ्यात आवडता भाग विराटपर्वाचा, कारण तिथे शस्त्रं शमीच्या झाडावर टांगलेली आहेत आणि भीम स्वयंपाक करतो, अर्जुन नाच शिकवतो, द्रौपदी केस विंचरते. ज्यांना सारं जग ओळखतं ते एक वर्ष उपयोगी माणसं होऊन राहतात. आमचे चार-पाच जणही तेव्हा असेच होते. कुणी खाणीत, कुणी गुत्त्यात सामान वाहताना. आमचं नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यामुळेच आम्ही शाबूत होतो.

मग आम्ही वस्ती बांधली आणि सगळे दारात आले. चार भिंती उभ्या राहिल्या, विहीर झाली, गव्हाचं शेत झालं, लोखंड शुद्ध करायची भट्टी पेटली, आणि बातमी पसरली. आमची जागा होली नेशनच्या हद्दीच्या आत पडत होती, म्हणून प्रार्थनेच्या दिवशी त्यांचा पुरोहित सैनिक घेऊन आला. सामोरं जायला माणूस जातीचा पुरुष लागतो. आमच्यात असा एकच होता, तो पुढे झाला. हाइव्ह आणि शेक तेवढा वेळ मागच्या खोलीत. मला ती वेळ फार कठीण गेली. ज्या शेक बाईने खांद्यावर माणूस वाहून आणला ती स्वतःच्या घरात लपून बसली होती आणि मी माउस धरून पुरोहिताचं ऐकत होतो. दरोडेखोरही आले. त्यांना धान्य हवं होतं. दिलं नसतं तर भिंतीवर चढले असते, आणि नंतर एकदा चढलेच.

पुरोहित गेल्यावर भाचा उखडला. “बस झालं, मामा. आता आपल्याकडे चांगली शस्त्रं आहेत. त्यांच्या राजधानीत, ब्लिस्टर हिलमध्ये घुसायचं, फिनिक्सला उचलायचं, हा सगळा प्रकार संपवायचा.”

हे खेळात होऊ शकतं. मोठा नेता पकडला किंवा मारला की जग बदलतं. त्याची शहरं शेजारचा गट घेतो, नाही तर ती ओस पडतात. फाटकावर दुसरे पहारेकरी दिसतात, दुकानं रिकामी होतात, रस्त्यावर भुकेल्यांची संख्या वाढते. मी त्याला हे सांगितलं. रीबर्थमधले साखळदंड तुटले पाहिजेत याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. ते तुटले पाहिजेतच, आणि आम्ही ते तोडणार होतो. प्रश्न सुटलेल्या माणसांचा होता.

भाऊजी मागे खुर्चीत बसून पाहत होते. इतके दिवस त्यांनी एक शब्द काढला नव्हता. आता चष्मा वर करून पुढे आले.

“त्या छावणीत माणसं किती असतील?”

“पुष्कळ, बाबा. शंभराच्या वर सहज.”

“आणि तुमच्या शेतात गहू किती होतो?”

भाच्याने शेतावर क्लिक केलं. आकडा दिसला. एव्हाना आम्ही चौदा जण झालो होतो, तेवढ्यांना जेमतेम पुरेल एवढा.

“मग आधी ते वाढवा. कारखान्यात भट्टी पेटवायच्या आधी कोळसा, पाणी, वीज, बदली शिफ्ट, सगळं लावून ठेवावं लागतं. एकदा पेटली की ती विझवता येत नाही.”

भाच्याने खेळ थांबवला आणि वही घेतली. नकाशावर विहिरीच्या पूर्वेला सपाट जमीन होती. तिथे गव्हाची आणखी सहा शेतं, दुसरी विहीर, दळायची जागा, भाकरीच्या दोन भट्ट्या, आणि भिंतीच्या आतच खाटांची लांब खोली, जखमींसाठी. खाटा किती यावर दोघा बापलेकांचा वाद झाला. भाऊजी चाळीस म्हणत होते, भाच्याला वीस पुरेशा वाटत होत्या, कारण चाळिसांना लागणारं कापड विकत घ्यायचं तर पूर्वेला युनायटेड सिटीजपर्यंत तांडा न्यावा लागला असता. ताईने जेवायला हाक मारली तेव्हा ते तिशीवर आले होते, आणि तांड्यासोबत कुणी जायचं हे ठरायचं होतं. शेक बाईचं नाव मी सुचवलं. त्या वाटेवर तिला कुणासाठी मागच्या खोलीत बसावं लागणार नव्हतं.